मशीनवाला आला आहे

प्रिय दादा,

मशीनवाला आला आहे. काल सकाळी जुन्या गिरणीमागच्या पाणथळीत, फळ्यांच्या वाटेच्या डाव्या हाताला पाणकणसांचं जे दुसरं झुडूप आहे, त्यातून तो वाजत होता. मी ऐकला आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दुजोरा दिला. दुजोरा घेतला तोही तूच शिकवलेल्या पद्धतीने. दोघी एकमेकींना पाठ लावून उभ्या राहिलो, तोंडातून शब्द काढला नाही, आवाज येत होता तिकडे आपापलं बोट केलं आणि मगच वळून पाहिलं. दोन्ही बोटं त्याच झुडपाकडे होती. आपल्या पक्षी मंडळाच्या नियमाप्रमाणे ही पक्की नोंद झाली आणि पेपरातल्या या आठवड्याच्या माझ्या सदरात ती पहिल्या ओळीत जाणार आहे.

वर 'प्रिय' लिहिलंय ते सवयीने. पत्राची सुरुवात करायला दुसरा शब्द मला येत नाही. पण तेवढ्यावर खूश होऊ नकोस. हे पत्र गोड बोलायला लिहिलेलं नाही.

तुझ्या सहीचा अहवाल पालिकेत जाऊन पडला आहे आणि त्याच्या जोरावर पाणथळीत भराव पडणार आहे. मी तुला पुन्हा सांगते, कारण हल्ली तुला सोयीचं तेवढंच कळतं. पालिकेला तिथे गाड्या लावायला जागा हवी आहे आणि बाजूने पळायची वाट. सरकारच्या संरक्षित यादीतला एखादा पक्षी तिथे घरटं करत असेल तर माती टाकता येत नाही. आपल्या पाणथळीत त्या यादीतला पक्षी एकच, हा मशीनवाला. तो आहे की नाही हे सांगायचं काम पालिकेने तुझ्यावर सोपवलं, कारण सगळ्या गावाचा तू पाखरंमास्तर. शाळेत जीवशास्त्र शिकवलंस तेव्हा जेवढी मुलं तुझ्या हाताखालून गेली, त्यातली निम्मी आज पालिकेत खुर्च्यांवर बसली आहेत. मास्तर म्हणाले नाही, म्हणजे नाही. झालं.

मागच्या महिन्यात वाचनालयाच्या वरच्या खोलीत मंडळाची बैठक झाली, ती मी विसरलेले नाही. मी उभी राहून म्हटलं की मी मशीनवाला ऐकलाय आणि एकदा नाही, लागोपाठ तीन आठवडे ऐकलाय. तू चष्मा पुसत माझ्याकडे न बघता म्हणालास, "आमची धाकटी कानामागून आली आणि तिखट झाली." सगळे हसले. तिथेच थांबला असतास तरी मी गिळलं असतं. पण तू पुढे म्हणालास की या वयात बायकांच्या कानात काहीबाही वाजतं, गिरणीचा पंखा ऐकला असेल. डॉक्टरीणबाई बिचाऱ्या एवढंच म्हणाल्या, की मलाही काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं, पण खात्री नाही. त्यावर तू काय बोललास? "बाई, तुम्ही दिवसभर ड्रिल कानाशी धरता. तुमच्या कानांची साक्ष काढायची म्हणजे आंधळ्याला रंग विचारायचा." पुन्हा हशा. माझी नोंद खोडली गेली. जिना उतरताना डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "तुमच्या भावाची अक्कलदाढ काढायची राहिली वाटतं. एकदा पाठवा माझ्याकडे, भूल न देता काढते." तेव्हापासून त्या रोज माझ्याबरोबर पाणथळीवर येतात. दवाखाना उघडायच्या आधी येतात आणि बूट चिखलाचे घेऊन पेशंटसमोर उभ्या राहतात. म्हणजे कालच्या दुजोऱ्याबद्दल तुझेच आभार मानायला हवेत.

तो आवाज मला चुकेल असं तुला वाटलंच कसं? त्याचं नाव आपल्याच घरात पडलं. पुस्तकात तो टोळवटवट्या आहे, पण ते आपल्याला फार पुढे कळलं. तू शाळेतून आलास आणि दप्तर न टाकताच म्हणालास, की आई, एका पाखराने तुझी मशीन गिळली आहे. आई आतल्या खोलीत लोकांचे परकर शिवत होती. तिने मशीनच्या पायट्यावरचा पाय न काढता विचारलं, "मग आता शिलाई त्याच्याकडून घेऊ का?" शिंपी हे नाव दुसऱ्याच एका पक्ष्याने आधी पटकावलेलं, म्हणून हा मशीनवाला. बारीक, न तुटणारी किर्रर्र, जशी शेजारच्या घरात कोणी लांबच लांब पडद्याला टीप घालत बसलंय. त्या आवाजामागे तू मला गुडघाभर चिखलातून ओढत नेलंस. आणि मी उगाच हो ला हो करते अशी शंका आली म्हणून पाठीला पाठ लावून बोट करायचा नियम काढलास. तोच पुढे मंडळाचा नियम झाला, 'दुसरा कान' म्हणून. मला या छंदात तूच ओढलंस. मग मीच ऐकलेलं खोटं ठरवताना तुझी जीभ जरा तरी अडखळायला हवी होती.

बाकी उन्हाळा तुला कळवायचा तर, टिबुकलीने तळ्याच्या बागेत कारंज्याच्या नळाला घरटं बांधलंय आणि पिल्लं पाठीवर घेऊन ती होड्यांच्या मधून फिरते. माळ्याने कारंजं बंद ठेवलंय. मुलांनी तक्रार केली तर तो म्हणतो मोटर जळलीय. पंपघरामागच्या चिखलात शेकाट्यांची जोडी आहे. त्यांच्या तंगड्या बघून पंपावरचा माणूस म्हणतो, यांना कोणीतरी आधी पाय दिले आणि मग पक्षी जोडायचं लक्षात आलं. पाणी झपाट्याने आटतंय, तरी पाणथळीत अजून घोट्यापर्यंत ओल आहे. वंचक तुझ्या गल्लीच्या तोंडाशी गटारावर उभा असतो, मान आखडून, मी इथला नाहीच असा चेहरा करून. नावाला जागणारा तेवढा एकच पक्षी मला यंदा तुझ्या घराजवळ दिसला.

आता त्या सकाळबद्दल. बैठकीनंतर मी तुझ्यामागे लागून तुला पाणथळीवर नेलं. फळ्यांच्या वाटेच्या टोकाला तू टोपी घालून पाय सोडून बसलास. मी शेजारी. ऊन अजून वर यायचं होतं. आणि मशीनवाला सुरू झाला. इतका जवळून, की माझ्या बाजूने पात्यांच्या फटीतून मला त्याची चोच उघडी दिसत होती आणि गळा थरथरताना दिसत होता. तो मान इकडून तिकडे फिरवत होता, तसा आवाज जवळ यायचा आणि लांब जायचा. मला इतका आनंद झाला की मागचं सगळं विसरायला मी तयार होते. मी तुझ्याकडे पाहिलं. तू थर्मासचं झाकण फिरवत होतास. म्हणालास, "ऐक ही शांतता. काही आहे का? भास म्हणतात तो हाच." मी बोट केलं. तू दुर्बीण लावलीस, जरा जास्तच वेळ लावून धरलीस आणि म्हणालास, "पाणकणसं आहेत." तुझ्या वरच्या ओठावर घाम आला होता. मला वाटलं, बरं आहे, खोटं बोलायला याला अजून जड जातंय.

मी उठले आणि निघून आले. त्याच दिवशी बाजारात पाटीवाल्याच्या दुकानात एक नवी पाटी वाळत टाकलेली पाहिली. हिरव्यावर पांढरी अक्षरं. 'पाखरंमास्तर पथ'. म्हणजे भराव पडला की वर जी पळायची वाट होणार, तिला तुझं नाव. पाटीवाला कौतुकाने म्हणाला, "ताई, भावासाठी दोन हात जास्त रंग मारलाय." माझ्या डोक्यात सगळं चपखल बसलं. एका पाटीसाठी तू मशीनवाला विकलास. दादा, नंतरचा आठवडा मी तुझा जेवढा तिरस्कार केला तेवढा आयुष्यात कोणाचा केला नसेल. पेपरात माझ्या बातमीला चाळीस ठिकाणी कात्री लावणाऱ्या माणसांचासुद्धा केला नाही. सदर लिहायला बसले की पक्ष्यांऐवजी तुझ्यासाठी शिव्या सुचायच्या. चांगल्या चांगल्या सुचल्या. तेवढ्यासाठी वेगळं पान काढावं लागलं असतं.

रविवारी वहिनीला बघायला आले तेव्हा तू बाहेर गेला होतास. मी मुद्दाम तीच वेळ निवडली होती. वहिनी गुडघ्याच्या ऑपरेशनचा पाय उशांवर ठेवून खिडकीशी पडली होती. खिडकीवरच्या वेलीत चष्मेवाल्या पाखराचं घरटं आहे, पिल्लं भुकेने सारखी सीं-सीं करत होती. मी म्हटलं, "वा, घरातच पाळणा हलतोय की." वहिनी म्हणाली, "हो ना. आणि तुझा दादा रोज इथे, या खुर्चीत पेपर वाचत बसतो आणि म्हणतो, यंदा आपल्या बागेत काही राम नाही गं, एक पाखरू नाही." बोलता बोलता ती थांबली. मी खिडकीकडे पाहिलं, मग खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची वेलीपासून हातभर लांब आहे, दादा. पिल्लं कोकलत होती.

मग तिने सांगितलं. तुला आधी बारीक आवाज ऐकू येईनासे झाले, ते तिच्या लक्षात आलं घड्याळाच्या गजरावरून. तो वाजत राहायचा आणि तू शेजारी डोळे उघडे ठेवून पडलेला असायचास. ती कधी बोलली नाही. तुझ्याबरोबर ती सकाळी पाणथळीवर यायला लागली, तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं उतारवयात हिलाही पाखरांचं वेड लागलं. तिला पाखरांचं काडीचं वेड नाही. तिला ओल्या बुटांचा राग येतो. ती तुझ्या शेजारी बसायची, डावीकडून आवाज आला की तुझ्या डाव्या गुडघ्यावर बोट टेकवायची, उजवीकडून आला की उजव्या. तू तिकडे दुर्बीण वळवायचास, पक्षी दिसायचा आणि तू नाव सांगायचास. मशीनवाला तर झुडपातून बाहेर पडत नाही, म्हणून त्याच्यासाठी ती तुझ्या गुडघ्यावर बोटाने टीप घालायची, सुईसारखी, टक टक टक टक. आणि तू म्हणायचास, "लिहून घ्या, मशीनवाला." कित्येक उन्हाळे असे गेले. मी तिला विचारलं, तुमचं यावर कधी बोलणं झालं का? म्हणाली, "त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्याला वाटतं माझा हात सहज पडतो." मग हसली आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. यंदा ती अंथरुणात आणि तू फळ्यांवर एकटा. पाणथळ गप्प झाली ती तेव्हा.

म्हणजे तू खोटं बोलला नव्हतास. तुला वाटेल आता मी विरघळले. नाही. खोटारड्याशी भांडायला मला मजा आली असती, तीही तू काढून घेतलीस. आणि तुला काही ठाऊक नव्हतं असं मी मानायला तयार नाही. ओठावर घाम उगाच येत नाही. मी बोट केलं तेव्हा तुला कळलं की तिथे काहीतरी वाजतंय आणि ते मला ऐकू येतंय, तुला येत नाही. त्या क्षणी तू म्हणू शकत होतास, की बाई गं, मला येत नाही ऐकू, तू सांग. मीच होते शेजारी, परकं कोणी नव्हतं. कान जाणं हा काही गुन्हा नाही, आईचे शेवटी डोळे गेले होते आणि तिने सुई ओवायला तुझ्याचकडे दिली होती. लाजली नव्हती. तू मात्र स्वतःचे कान झाकायला माझे कान खोटे पाडलेस, डॉक्टरीणबाईंचे पाडलेस आणि आता एका पक्ष्याच्या घरावर माती टाकायला निघालास. माणूस म्हातारा होतो म्हणून मी रागावत नाही. पण आपल्याला ऐकू येत नाही ते जगातच नाही असं सही करून लिहून देतोस, त्याचा मला राग आहे आणि तो जाणार नाही.

वहिनीने मला हे लिहायला सांगितलंय. "मी सांगितलं असंच लिही," म्हणाली. "माझ्याच्याने इतकी वर्षं झालं नाही, आता नळी-टाके घालून पडल्यावर तरी होऊ दे."

आता कामाचं. अहवालातलं तुझं वाक्य असं आहे: 'मशीनवाला यंदा या पाणथळीत आला नाही.' दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे सांगते, यात फक्त एक शब्द कमी आहे. 'मशीनवाला यंदा या पाणथळीत ऐकू आला नाही.' ऐकू. एवढा शब्द घातलास की वाक्य खरं होतं आणि पालिकेला त्यावर भराव टाकता येत नाही, कारण ऐकू न आलेला पक्षी नसतोच असं कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. माझ्या सदराच्या तळाशी दुरुस्तीची चौकट असते. त्यात मी छापेन, की मास्तरांच्या अहवालात 'आला' च्या आधीचा 'ऐकू' हा शब्द राहून गेला होता. वाचणारे म्हणतील, टंकलेखकाची चूक. म्हणोत बापडे. आयुष्यभर मी छापलेल्या चुका दुसऱ्यांच्या माथी मारल्या नाहीत, ही एक तुझ्यासाठी मारेन. पण ती दुरुस्ती तुझ्या हाताने लिहिलेली आणि तुझ्या सहीची हवी. एक प्रत मला, एक पालिकेला.

हे मी फोनवर का सांगितलं नाही? गेले कितीतरी दिवस फोन करतेय. तू दरवेळी "तुझा आवाज तुटतोय" म्हणून ठेवून देतोस. आवाज तुटत नव्हता, दादा. घरी येऊन सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं आणि तुझ्या गल्लीतल्या प्रत्येक दाराआड माणूस उभा असतो. म्हणून पत्र. कागद वाचायला कान लागत नाहीत आणि तो ओरडतही नाही. एवढी अब्रू मी तुझी राखली, याहून जास्त माझ्याकडून होणार नाही. बुधवारी संध्याकाळी पान छपाईला सुटतं, तोवर तुझी चिठ्ठी आली तर चौकटीत जाईल. गुरुवारी सकाळी पालिकेत भरावावर सुनावणी आहे. वहिनीचा अंदाज असा, की तू रुसशील, चिठ्ठी पाठवणार नाहीस आणि इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत जाऊन बसशील. माझाही अंदाज तोच आहे. म्हणून बोलणाऱ्यांत पहिलं नाव मी माझं लावलंय, दुसरं डॉक्टरीणबाईंचं आणि तिसरं तुझं. अध्यक्षबाई फार बारीक आवाजात बोलतात, तोंडासमोर कागद धरून. त्या तुझं नाव पुकारतील तेव्हा मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर असेन. तुला ते कळणार नाही, असं मला वाटतं. त्या पुन्हा पुकारतील, तेव्हाही मी तुला सांगणार नाही. सगळी खोली तुझ्याकडे बघेपर्यंत मी समोर बघत बसणार आहे.

तुझीच,
धाकटी